खालच्या मजल्यावरच्या आजींची लॅटव्हियनमध्ये माफी कशी मागायची?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. गेलं दीड वर्ष लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगात शिकतोय. मित्राबरोबर चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मागच्या शनिवारी आम्ही बाहेर असताना वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि खालच्या आजींच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. मी धावत खाली गेलो, पाच-सहा वेळा ‘सॉरी, सॉरी’ म्हणालो. त्या नुसत्या बघत राहिल्या. मित्र म्हणाला, इथल्या म्हाताऱ्या माणसांना रशियन कळतं. म्हणून मी ‘इज्विनीते’ म्हणालो, तर त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघून ‘पिएदुओद’ म्हणालो, तर त्यांनी दार लावून घेतलं. आता जिन्यात समोर आल्या की मीच मान खाली घालतो. माझं खरंच चुकलं होतं. ते त्यांना नीट कसं सांगू?
– वरच्या मजल्यावरचा

उत्तर :

अरे वरच्या मजल्यावरच्या,

तू मला ताई म्हणालास, म्हणून मी तुला ‘तू’ म्हणते आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तुझा निम्मा घोटाळा याच ‘तू’मध्ये आहे.

‘पिएदुओद’ हा शब्द चुकीचा नाही. त्याचा अर्थ ‘माफ कर’. पण सत्तरीतल्या, ओळख नसलेल्या आजींच्या दारात उभं राहून तू ‘माफ कर गं’ म्हणालास. सांगलीत शेजारच्या आजींच्या घरात पाणी सोडून असं म्हणाला असतास का? लॅटव्हियनमध्ये आपल्यासारखंच आहे. ‘तु’ म्हणजे तू आणि ‘यूस’ म्हणजे तुम्ही. अनोळखी, वयाने मोठी, कामाच्या निमित्ताने भेटणारी माणसं ‘यूस’. घरची, मित्र आणि लहान मुलं ‘तु’. ‘तु’ तर आपल्या ‘तू’चाच लांबचा भाऊ आहे. क्रियापदही आपल्यासारखंच बदलतं : ‘माफ कर’ला पिएदुओद, ‘माफ करा’ला पिएदुओदिएत. शेवटचा एक तुकडा गळला आणि त्याबरोबर आजींचा मानही गेला. मोबाइलला तू कुणाशी बोलतो आहेस हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मी रीगात आठ वर्षं काढली. तिथे पाहिलं की आपली मुलं लॅटव्हियनपर्यंत इंग्रजीच्या रस्त्याने जातात आणि अडखळतात. मराठीच्या रस्त्याने गेलं तर बरंच आधीपासून ओळखीचं निघतं. इंग्रजीतल्या ‘सॉरी’त फक्त मी असतो, माझी अवस्था असते. मराठीत ‘माफ करा’ म्हटलं की काम समोरच्याकडे जातं. करायचं त्यांनी असतं, आपण मागायचं असतं. लॅटव्हियन माफीही तशीच आहे.

आता शब्द बघ. रोजच्या वापरातला शब्द ‘आत्वाइनुओयिएत’. ट्राममध्ये धक्का लागला, कुणाला रस्ता विचारायचा आहे, दुकानात पुढे जायचं आहे, वर्गात उशिरा पोचलास, सगळीकडे हाच. मित्राला म्हणायचं तर ‘आत्वाइनुओ’. याच्या पोटात ‘वाइना’ हा शब्द आहे. वाइना म्हणजे दोष, चूक. ‘आत्’ हा उपसर्ग परत किंवा दूर या अर्थाचा. म्हणजे तू समोरच्याला म्हणतोस, माझ्यावरचा दोष काढून घ्या. धक्का लागल्यावर इतकं सगळं कुणाच्या मनात येत नाही, आपल्याही ‘माफ करा’त येत नाही. पण शब्दाचा साचा तो आहे.

‘पिएदुओदिएत’ त्याहून जड. त्यातलं ‘दुओद’ म्हणजे दे. संस्कृतातल्या ‘ददाति’चं आणि याचं मूळ एकच. हा शब्द खऱ्या चुकीसाठी राखून ठेवतात : कुणाचं मन दुखावलं, नुकसान झालं, शब्द मोडला. ट्राममध्ये पायावर पाय पडल्यावर पिएदुओदिएत म्हटलंस तर कुणी रागावणार नाही. पण आजींच्या छतातून पाणी गळल्यावर नुसतं आत्वाइनुओयिएत म्हणालास तर ते तोकडं पडेल. तुझ्या मोबाइलने वजन बरोबर निवडलं होतं, माणूस चुकीचा धरला.

‘आत्वाइनुओयुओस’ असाही एक शब्द कानावर येईल. ‘मी माफी मागतो’ अशा अर्थाने तो सर्रास वापरतात. पण त्याची घडण स्वतःकडे वळणारी आहे, आणि भाषेबद्दल चोखंदळ असलेल्या काही जणांना त्यातून ‘मीच मला माफ केलं’ असा वास येतो. तरुणांना याचं काही वाटत नाही. ते आपापसात ‘सोरी’सुद्धा म्हणतात. तुझ्या आजी चोखंदळ आहेत की नाहीत मला माहीत नाही. तू तो शब्द त्यांच्यापुढे वापरू नकोस, म्हणजे प्रश्नच मिटला.

मग राहतं ‘मान ल्युओति झेल’. मान म्हणजे मला, ल्युओति म्हणजे फार, झेल म्हणजे वाईट वाटणं. मला फार वाईट वाटतंय. मराठी माणसाने या भाषेला हात जोडावेत ते इथे. ‘मी वाईट आहे’ नाही, ‘मला वाईट वाटतं’! आवडण्याचंही तसंच, ‘मान पातीक’ म्हणजे मला आवडतं. बरोबरचे इंग्रजी बोलणारे विद्यार्थी या ‘मला’पाशी अडतात, आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो.

पण झेल म्हणजे माफी नव्हे. आजी उद्या म्हणाल्या की त्यांची मांजर गेली, तर मान ल्युओति झेल म्हणायचं, पिएदुओदिएत नाही. मांजर तू मारलेली नाहीस. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो, म्हणून ही गल्लत होते. उलट बाजूने, तुझ्या पाण्याने त्यांचं छत खराब झालं असताना नुसतं झेल म्हणून परत आलास, तर बातम्यांत पूर पाहून हळहळणाऱ्या माणसासारखा दिसशील. तुझ्या बाबतीत दोन्ही हवेत आणि मधे तिसरं एक हवं, ‘ता इर माना वाइना’. म्हणजे ‘ही माझी चूक आहे’. आपलं साधं ‘चुकलं माझं’. माझा अनुभव असा की लॅटव्हियन माणूस या वाक्याची वाट बघत असतो. पाइप जुना होता, मशीन घरमालकाचं आहे, आम्ही बाहेर होतो, हे सगळं खरं असेल. ते माफीच्या आधी आलं की माफी फिसकटते. त्यांनी विचारलं तर सांग.

आता तुझ्या पाच-सहा ‘सॉरीं’बद्दल. माफी एकदाच मागायची, पूर्ण मागायची आणि थांबायचं. आपल्याकडे घाईने, हात जोडत, अर्धवट हसत, मान डोलावत चार वेळा म्हटलं की समोरच्याला कळतं, पोरगं ओशाळलंय. तिथे त्या हसण्याची पंचाईत होते. अनोळखी माणसाकडे बघून हसायची तिथे फारशी रीत नाही, हे दीड वर्षात तुझ्या लक्षात आलंच असेल. गळणाऱ्या छताखाली उभं राहून हसणारा मुलगा त्यांना ओशाळलेला दिसला नसेल, बेफिकीर दिसला असेल. मान डोलावणं हो की नाही, हे तर तिथे कुणालाच उमगत नाही. सरळ उभा राहा, डोळ्यांकडे बघ, हळू बोल. त्या काहीच न बोलता ऐकत राहिल्या तर घाबरून ती जागा शब्दांनी भरू नकोस. तिथे गप्प राहणं म्हणजे राग असतोच असं नाही.

‘इज्विनीते’चं काय झालं, ते जरा सविस्तर सांगायला हवं. तुझा मित्र अगदीच चुकीचं बोलला नाही. रीगात रशियन बोलणारे खूप आहेत आणि त्या वयाच्या बहुतेकांना रशियन येतं. पण येणं आणि ऐकायला आवडणं यात अंतर असतं. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हा देश गिळला, मधली जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडली तर १९९१ पर्यंत तो त्याच अमलाखाली होता. आजी सत्तरीच्या असतील तर त्यांची शाळा, लग्न, नोकरीची पहिली वर्षं त्याच काळातली. लॅटव्हियनला राज्यभाषेचा दर्जा पुन्हा मिळाला तो १९८८-८९ मध्ये. २०१२ मध्ये रशियनला दुसरी राज्यभाषा करावी का, यावर सार्वमत झालं, तेव्हा सुमारे ७५ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. जगात लॅटव्हियन मातृभाषा म्हणून बोलणारे जेमतेम पंधरा लाख. बाल्टिक कुळातल्या जिवंत भाषा दोनच, ही आणि लिथुआनियन. अशा माणसाच्या दारात परक्या मुलाने येऊन, तुम्हाला हीच भाषा कळत असेल असं गृहीत धरून रशियन बोलणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. तुझा हेतू तसा नव्हता. त्यांनी तो तसा घेतला असेल, हा माझा अंदाज.

उलटही असू शकतं. त्या स्वतःच रशियन कुटुंबातल्या असतील आणि चेहरा नुसत्या पाण्यामुळे कडक झाला असेल. म्हणून नियम सोपा ठेव : सुरुवात लॅटव्हियनमध्ये. त्यांनी रशियनमध्ये उत्तर दिलं तर मग तुझं इज्विनीते चालेल. तुटकं लॅटव्हियन बोललास तर कुणी हसत नाही. उलट परदेशी माणूस ती बोलतोय म्हटल्यावर भुवया वर जातात आणि कपाळावरची आठी जरा सैल होते, हे मी कितीदा पाहिलंय.

उच्चाराचं बघू. आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर. ‘आत्’वर जोर दे, पुढचं आपोआप ओघळत येतं. थोडे अपवाद आहेत, त्यातले काही नेमके शिष्टाचाराच्या शब्दांत. ‘पाल्दिएस’, म्हणजे धन्यवाद, आणि ‘लाब्दिएन’, म्हणजे नमस्कार, यांत जोर दुसऱ्या अक्षरावर. आत्वाइनुओयिएतमधलं ‘उओ’ रोमन लिपीत एकाच ओ अक्षराने लिहितात, म्हणून नवशिके ‘आत्वाइनोयेत’ म्हणतात. तू तसं म्हणू नकोस. ‘कृपया’साठी ‘लूजु’ हा शब्द आहे. त्यातला ‘लू’ चांगला लांबव आणि ‘ज’ आपल्या ‘जुना’, ‘जाऊ’मधला काढ, ‘जीव’मधला नको. हा ज हिंदी बोलणाऱ्यांना शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळालाय. ‘झेल’मधला झ मात्र ‘झाड’मधला नव्हे. ‘श’ म्हणताना घशातून आवाज दे, तो येईल.

संबोधन विसरू नकोस. दारावर किंवा टपालपेटीवर आडनाव असेल. समजा ते काल्निञा आहे, बायकांची आडनावं बहुतेक अशी ‘आ’कारान्त असतात. तर हाक मारायची ‘काल्निञास कुंजे’. आडनावाला षष्ठी लागते, म्हणजे शब्दशः ‘काल्निञांच्या बाई’. कुंजेतला ज पुन्हा जुनातलाच. आजोबा असते तर ‘काल्निञा कुंग्स’. आपल्याकडच्यासारखं आजी किंवा मावशी म्हणायला जाऊ नकोस. पत्रात तू त्यांना आजी म्हणतोस ते गोड आहे, पण तो तुझा मराठी हिशेब.

सगळं मिळून असं होईल :

‘लाब्दिएन, काल्निञास कुंजे. एस एस्मु यूसु काइमिञ्श नुओ आउग्शास. एस यूस आप्प्लुदिनायु. ता इर माना वाइना. लूजु, पिएदुओदिएत. मान ल्युओति झेल.’

म्हणजे, नमस्कार. मी तुमचा वरचा शेजारी. मी तुमच्या घरात पाणी सोडलं. चूक माझी आहे. कृपया माफ करा. मला फार वाईट वाटतंय. ‘एस्मु’ ऐकून संस्कृतातलं ‘अस्मि’ आठवलं ना? आठवायलाच हवं, दोघं एकाच घरचे. सहा छोटी वाक्यं आहेत, आरशासमोर वीस वेळा म्हण.

सातवं वाक्य पैशाचं. ‘एस सामाक्साशु पार रेमोंतु’, दुरुस्तीचे पैसे मी देईन. हे म्हणण्याआधी घरमालकाशी बोल, घराचा विमा आहे का विचार, भाडेकरारात काय लिहिलंय ते वाच. तो कबूल होईपर्यंत एवढंच म्हण, ‘एस पालीजेशु’, मी मदत करीन. पाळता येणार नाही असा शब्द देऊन ठेवलास तर पुढच्या महिन्यात दुसरी माफी मागावी लागेल आणि ती या भाषेत फार अवघड आहे. पाल्दिएस हा शब्द ‘देव मदत करो’ अशा जुन्या बोलण्यातून झिजून आला आहे, त्यातही हीच मदत लपलेली आहे. असो, मी वाहवत चालले.

रिकाम्या हाताने जाऊ नकोस. फुलं चालतील. तेर्बातास रस्त्यावर, वेर्मानेस बागेच्या कडेला फुलांच्या टपऱ्या आहेत, तिथे साधी ट्युलिप घे. फक्त मोजून विषम घे : तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं तिथे अंत्यविधीला नेतात. मी पहिल्या वर्षी माझ्या लॅटव्हियन शिक्षिकेच्या वाढदिवसाला मोठ्या ऐटीत डझनभर गुलाब घेऊन गेले होते. डझन म्हणजे आपल्याला भरलेपण वाटतं. बाईंनी आभार मानले, एक गुलाब अलगद ओढून काढला, वेगळ्या पेल्यात ठेवला आणि अकरा फुलदाणीत लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. का ते मला दोन आठवड्यांनी एका मैत्रिणीकडून कळलं. तेव्हा मी त्यांना जे पिएदुओदिएत म्हणाले, ते आयुष्यातलं माझं पहिलं मनापासूनचं पिएदुओदिएत.

फुलं नको वाटली तर ‘लाइमा’चा चॉकलेटचा डबा ने. ही १८७० पासूनची, तिथे घरोघरी मान असलेली कंपनी आहे. महाग काही नेऊ नकोस, लाच दिल्यासारखं दिसतं.

संध्याकाळी जा, जेवणाच्या वेळी नको, रात्री उशिरा तर मुळीच नको. दार उघडलं की उंबरठ्यावरून हात पुढे करू नकोस, ते अशुभ मानणारे बरेच असतात. आपल्याकडे उंबरठ्यावरून देवघेव करू नये म्हणतात, तसंच. आत बोलावलं तर बूट काढायला सांगावे लागू नयेत. नाही बोलावलं तर अपमान मानू नकोस.

त्या घरी नसतील, किंवा दाराशी उभं राहून तुझी जीभ अडखळेल अशी भीती असेल, तर हीच वाक्यं चिठ्ठीत लिही. पत्रात ‘यूस’ आणि ‘यूसु’ यांचं पहिलं अक्षर मोठं काढतात, तो आदर. दीर्घ स्वरांवरच्या आडव्या रेघा आणि काही व्यंजनांखालची स्वल्पविरामासारखी खूण गाळू नकोस, एखाद्या लॅटव्हियन वर्गमित्राकडून तपासून घे. मात्र चिठ्ठी टाकली म्हणून प्रत्यक्ष जाणं चुकवू नकोस. छत तुझ्या पाण्याने भिजलंय, कागदाने वाळणार नाही.

आणि त्या काय म्हणतील? ‘नेकास’ म्हणाल्या तर ‘काही नाही’. ‘नेकास त्राक्स’ म्हणाल्या तर ‘फार काही बिघडलं नाही’, म्हणजे जिंकलास. ‘नु लाबी’ म्हणजे ‘बरं, ठीक’, त्यात थोडा राग शिल्लक असतो, तो राहू दे. यातलं काहीही ऐकलंस की पाल्दिएस म्हण आणि वर जा. ‘नक्की ना? रागावला नाहीत ना?’ असं विचारत बसू नकोस.

आधी सराव हवा असेल तर शनिवारी मध्यवर्ती बाजारात जा, झेपेलिन नावाच्या हवाई जहाजांच्या जुन्या हँगरांतून उभारलेल्या दालनांत. राय नावाच्या धान्याचा काळा पाव विकणाऱ्या बायकांना ‘आत्वाइनुओयिएत, त्सिक माक्सा?’ विचार, म्हणजे ‘माफ करा, किती?’ तासाभरात दहा-बारा वेळा तोंडातून निघेल आणि पावही मिळेल.

रविवारी संध्याकाळी जाऊन ये आणि मला कळव. आणि हो, त्या पाइपची क्लिप बदललीस का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

– ताई